तीनदा खोडलेली यादी

विरारच्या मनवेलपाड्यात सुधाकर राऊळांचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, पाकिटांची लेबलं, जे येईल ते कॉम्प्युटरवर मांडून द्यायचं. हाताला वेग असा, की गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत पत्रिका तयार. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर दुसरा कुणी बसला, की त्याची आंधळी कोशिंबीर सुरू.

पंधरा वर्षांत त्यांनी तो आपल्या हाताप्रमाणे घडवला होता. वरचा मेनू लपवलेला, कारण त्यांना तो लागत नसे. सेव्हपासून प्रिंटपर्यंत सगळ्याला कीबोर्डवरच्या स्वतः नेमलेल्या कळा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी काही नवीन सुचलं की त्याही बदलायच्या. फाइल बंद करताना येणारा ‘सेव्ह करायचं का?’ हा प्रश्नसुद्धा त्यांनी काढून टाकला होता, वेळ खातो म्हणून. “दुकानातून आला तसा कॉम्प्युटर वापरणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालणं,” असं ते ऐटीत सांगत. आपली चप्पल घरात दुसऱ्या कुणाच्याच पायात बसत नाही, हे काही त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. अति हुशार माणसाचं असंच होतं.

मुलगी दिशा बारावीनंतर दुकानात येऊ लागली. तिला या कामाची मनापासून आवड. अक्षरांची, रंगांची नजर तर बापापेक्षा सरस. पुढे दुकान तिनंच चालवावं, असं सुधाकररावांच्या मनात होतं, पण ते त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “बाबा, मेनू कुठे गेला?”

“मेनू कशाला हवा? कळा पाठ कर.”

तिनं पाठ केल्या. त्यांनी बदलल्या. तिनं पुन्हा पाठ केल्या.

वसईजवळच्या होळी गावचे ऑस्कर सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकत आणि त्यांच्या पाकिटांची लेबलं दरवर्षी इथेच करून घेत. त्या वर्षी दिशानं दिवसभर खपून लेबल केलं आणि सेव्हच्या कळा दाबल्या. पण आदल्या दिवशी त्या कळा फाइल बंद करण्यासाठी नेमल्या गेल्या होत्या. काही न विचारता फाइल मिटली आणि दिवसाची मेहनत पाण्यात गेली.

“एवढं साधं जमत नाही तुला?” सुधाकरराव ऑस्करसमोरच म्हणाले.

“मला या कॉम्प्युटरवर एक वेगळं साधं खातं उघडून द्या ना, बाबा. कंपनीकडून येतं तसंच.”

“साधं ज्याला लागतं, त्याला काम येत नाही.”

पुढच्या महिन्यात दिशानं मालाडला एका ऑफिसात नोकरी धरली. याला आता सहा वर्षं झाली.

यंदा एका शनिवारी जुन्या कॉम्प्युटरनं कायमची मान टाकली. नवा आला, दुकानातून आला तसाच. सुधाकररावांच्या एकाही कळेला तो दाद देईना. समोर ऑस्कर लेबलासाठी खोळंबलेले, आणि सुधाकरराव पडद्याकडे बघत नुसते बसलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच खुर्चीत परकं वाटलं. दिशाला असंच वाटत असेल, हेही तेव्हाच कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

“पोरीला बोलव ना रे,” ऑस्कर म्हणाले.

सुट्टी होती, दिशा आली. “बाबा, सगळं वर लिहिलेलंच आहे,” म्हणत तिनं अर्ध्या तासात लेबल केलं. देखणं झालं होतं. ऑस्कर खुशीत गेले.

“दिशा,” सुधाकरराव म्हणाले, “येतेस का परत दुकानात? आता मी काही बदलणार नाही.”

ती हळूच म्हणाली, “मी पुण्याला बदली घेतली आहे, बाबा. पुढच्या महिन्यात जाते. तेव्हा विचारलं असतंत तर कुठेच गेले नसते.”

ती गेल्यावर त्यांनी जुना कीबोर्ड भंगारात द्यायला उचलला. खाली चिकटपट्टीनं कागद लावलेला होता. दिशाचं अक्षर. सेव्हच्या कळा लिहून खोडलेल्या, पुन्हा लिहून खोडलेल्या, तिसऱ्यांदाही तेच. प्रिंटचं तसंच. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, ‘अडलं तर बाबांना विचारायचं.’

तेही तिनं खोडलं होतं.