मायनं माहा फोन उचलला नाही

गावाकडच्या पोट्टेहो, बाहेर देशात कामाले निघाले असाल तर हे वाचा.

मी चार दिवसांपूर्वी मस्कतले आलो. निघताना भारी कॅमेरा पाहून फोन घेतला. आपलं सिम तिकडे चालते का, हे विचारलंच नाही. विमानातून उतरल्यापासून त्याले रेंजच नाही.

आज अकोल्यात मायचं पोटाचं ऑपरेशन होतं. इथलं नवं सिम काल रात्री उशिरा मिळालं, त्यावरून सकाळी दहा वेळा फोन लावला. ती दरवेळी कट करे. मीच तिले बजावून आलो होतो, "अनोळखी नंबर उचलू नको, लुटतात."

शेवटी शेजारच्या सलीमचाचाले लावला. ते दवाखान्यात तिच्यासोबत होते.

"आताच आत नेली बेटा. तुहा नंबर लावू लावू थकली. मले म्हणे, पोराचा फोन बंद, अन् एक चोर सकाळपासून पिच्छा सोडत नाही."

तो चोर मीच होतो, हे चाचाले सांगायचीही हिंमत झाली नाही.

चार तास झाले, अजून तिले बाहेर आणलं नाही. या कॅमेऱ्याचं मी काय करू, सांगा?