वाढत्या अंगाची भिंगरी

माझी आत्या शाळेचे गणवेश शिवायची आणि मुलींसाठी कादंबऱ्या लिहायची. दोन्ही कामं एकाच टेबलावर. कापड बेतून झालं की कात्री बाजूला सारायची आणि कागद पुढे ओढायची. नम्र वगैरे अजिबात नव्हती. तिच्या पुस्तकांचा विषय गिऱ्हाइकाने काढला नाही तर ती स्वतःच काढायची, आणि एकदा निघाला की गिऱ्हाइकाची सुटका नसायची.

तिच्या कादंबऱ्यांतली मुलगी म्हणजे भिंगरी. पहिल्या पुस्तकात आठ वर्षांची होती, चौथ्यात अकराची झाली. गोष्टींतल्या मुली सहसा मोठ्या होतच नाहीत. कितीही संकटं येवोत, त्याच दोन वेण्या आणि तोच फ्रॉक. आत्याला याची भारी चीड. "माझ्याकडे दरवर्षी त्याच पोरी येतात नि दरवर्षी कपडे आखूड झालेले असतात. मग माझ्या भिंगरीनेच कुणाचं काय घोडं मारलंय?" चौथ्या पुस्तकाच्या शेवटी तर भिंगरीच्या लाडक्या पिवळ्या फ्रॉकची पाठीची बटणं लागेनाशी झाली. तिने रडून गोंधळ घातला आणि मग तो फ्रॉक शेजारच्या बारकीला देऊन टाकला. ते पान वाचून मीही रडले होते, हे कबूल करायला मला लाज नाही.

शाळा सुटली की मी दुकानात बसून बटणं लावायचे. मापं घ्यायची आत्याची एक तऱ्हा होती. बाकीचे शिंपी टेप लावतात आणि ओरडून सांगतात, छाती इतकी, कंबर इतकी. सगळं दुकान ऐकतं. आत्याकडे मुलगी दहा-अकराची झाली की टेप तिच्याच हातात जायची. मुलगी पडद्याआड, आत्या पडद्याकडे पाठ करून अलीकडे. "श्वास रोखू नकोस, टेप आवळू नकोस, आणि आकडा हळूच सांग." पोक काढून, दप्तर छातीशी धरून आलेल्या त्या मुली आकडा असा कुजबुजायच्या, जणू चोरीच कबूल करतायत. आत्या तो निमूट लिहायची आणि शिवताना चार बोटं कापड जास्तीचं आत दुमडायची. वाढत्या अंगाचं शिवावं, हा तिचा धर्म होता.

पाचव्या पुस्तकात भिंगरी बारा वर्षांची झाली आणि भूगोलाच्या तासाला तिला पाळी आली. कमरेला स्वेटर बांधून ती घरी कशी पोचली, याचं आत्याने अख्खं प्रकरण लिहिलं.

प्रकाशक स्वतः दुकानात आले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. चिंध्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर टेकून म्हणाले, "ताई, एवढं प्रकरण काढा. पुस्तक आया विकत घेतात, पोरी नाही. राहू द्या ना भिंगरीला अकराचीच."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"गोष्टीत राहतं, ताई. गोष्ट तुम्हीच लिहिताय ना?"

आत्या म्हणाली, "मग मी लिहीतच नाही," आणि कात्री उचलली.

पण करारानुसार भिंगरीच्या नावाचा हक्क प्रकाशकांकडे होता. आत्याने सही करताना ते वाचलंच नव्हतं. तेव्हा ती पहिलं पुस्तक निघतंय म्हणून हवेत होती. प्रकाशकांनी दुसरा लेखक गाठला. त्यानंतर आमच्या टेबलावर नुसतं कापड दिसू लागलं. "माझी पोर दुसऱ्याच्या घरी देऊन बसले बघ," असं ती एकदा म्हणाली, तेही काज करता करता, वर न बघता. मला त्या प्रकाशकांचा इतका राग यायचा की बटणाचा दोरा तुटायचा.

नवं पुस्तक आलं. आत्याने हात लावला नाही. मग एके दिवशी पोस्टमनची मुलगी मापं द्यायला आली आणि तिने ते पुस्तक टेबलावर आपटलंच.

"आत्या, हे काय हो? हिने पिवळा फ्रॉक घातलाय!"

"मग?"

"तो बारकीला दिला होता ना! बटणं लागत नव्हती. आता कशी लागली? भिंगरी धुण्यात आटली की काय?"

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि ती पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "हे मी नाही लिहिलं गं."

"मग खरी भिंगरी कुठेय?"

आत्याने मुलीला टेप देऊन पडद्याआड पाठवलं, खणातून कागद काढले आणि पडद्याकडे पाठ करून भूगोलाचा तास वाचायला घेतला. आतून आकडा येईना. प्रकरण संपलं तेव्हा एवढंच आलं, "पुढे?"

ही बातमी शाळाभर झाली. गणवेश चांगले असताना मुली मापं द्यायला येऊ लागल्या. एकदा पोस्टमनची बायकोही लेकीबरोबर येऊन स्टुलावर बसली. आता ठिणगी पडणार, म्हणून मी सुई खाली ठेवली. ती सगळं ऐकत राहिली आणि मला म्हणाली, "तेवढं शेजारच्या दुकानातलं मशीन थांबवायला सांग गं, मधलं मधलं निसटतंय."

शेवटी प्रकाशक पुन्हा त्याच स्टुलावर. "ताई, रोज पोरी येऊन फ्रॉकचा जाब विचारतात. आणि आया सोबत असतात हो!" त्यांनी कागद मागितले, जसे आहेत तसे. आत्याने आधी भिंगरी आपल्या नावावर करून घेतली. या वेळी करार तिने दोनदा वाचला आणि मलाही वाचायला लावला.

खरं पाचवं पुस्तक आलं, त्यानंतर पोस्टमनची मुलगी नव्या मापांसाठी आली. दप्तर स्टुलावर टाकून सरळ पडद्याआड गेली. आत्या नेहमीसारखी पाठ करून, पेन्सिल घेऊन उभी.

"छाती एकतीस!" आतून एवढ्या जोरात आवाज आला की समोरच्या न्हाव्याने कात्री थांबवून इकडे पाहिलं.

"बहिरी नाहीये गं मी," आत्या म्हणाली. तिची पाठ पडद्याकडे असल्यामुळे तिचा चेहरा फक्त मलाच दिसत होता. एवढी खूश मी तिला पहिल्या पुस्तकाच्या दिवशीही पाहिली नव्हती. तिने आकडा लिहिला आणि चार बोटं जास्त धरून कापड मोजायला घेतलं.