घरी विचारून या

आमच्या वावरात प्रयोग चालतात. बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागून जो तुकडा आहे, तिथे दरवर्षी कुठल्या तरी बियाणे कंपनीच्या प्रयोगाच्या प्लॉटचा बोर्ड उभा असतो. एखाद्या हंगामात कंपनीवाले शेजाऱ्याकडे गेले, तर बाबा आठवडाभर धड जेवत नाहीत. वडिलांबद्दल असं लिहावं की नाही, मला कळत नाही. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अमरावतीला बीएस्सी करते. शिकलेली पोरगी घरच्यांना नावं ठेवते, हे गावात आधीच ठरलेलं आहे. तरी लिहिते.

वहिनीचं पहिलं लेकरू पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला रक्त कमी निघालं, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ट्रायलचं सांगितलं. काही गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या, काहींना सलाईनमधून लोह. कुणाला काय, ते चिठ्ठीने ठरणार. दर महिन्याला तपासणी, दर आठवड्याला नर्सचा फोन.

"मले चालते," वहिनी म्हणाली.

डॉक्टर दादाकडे पाहून म्हणाले, "घरी विचारून या."

घरी वहिनी सोडून सगळ्यांना विचारलं गेलं.

"सून काय प्लॉट हाय काय आपला?" बाबा म्हणाले.

"लेकराले काई झालं त?" आई.

"हे डॉक्टर लोक गरिबायच्याच बाया धुंडतेत," मावशी म्हणाली. आम्ही गरीब नाही. मावशी तर मुळीच नाही.

दादा भिंतीकडे पाहत म्हणाला, "बाबा म्हनतीन तसं." तिशी ओलांडलेला माणूस.

मी धीर करून म्हटलं, "बाबा, वावरात त तुमी दरसाली करता."

"वावराले इचारा लागते काय?"

"मंग वहिनीले कोनी इचारलं?"

"लय शिकली बाप्पा अमरावतीत!" सगळे हसले. भाकरी थापता थापता वहिनीही हसली.

रविवारी बातमी आली, सरपंचाची सून त्याच ट्रायलमध्ये गेली. झालं. संध्याकाळपर्यंत लेकराची काळजी संपली, गरिबांच्या बायाही संपल्या. "त्यायची जाते, मंग आपली काय कमी हाय?" बाबा म्हणाले. आई शेजारणीला सांगत होती, "मोठे मोठे डॉक्टर हायेत त्याच्यात." इतकी स्वस्त काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सही झाली त्या दिवशी परतताना एसटीत मी वहिनीशेजारी बसले. लोह, रक्त, सगळं समजावून सांगायची तयारी करून आले होते. आधी विचारलं, "वहिनी, तुमाले खरंच जायचं होतं काय?"

बाबा पुढच्या सीटवर पेंगताहेत हे तिने पाहून घेतलं. "मागच्या खेपी दोन दिवस सांगून राहिली होती मी, पोट दुखते म्हनून. आत्याबाई म्हने, होते तसं. लेकरू गेल्यावर म्हने, पपई खाल्ली असन. ही नर्स दर आठवड्याले इचारनार हाय, ताई. कोनी त इचारन."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. माझी तयारी तशीच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना नर्सचा फोन आला. बाबा खाटेवरून ओरडले, "बरी हाय म्हना!"

वहिनी पाठ फिरवून बोलली, पण मोठ्याने. "नाही सिस्टर, बरी नाही. सकाळपासून पोट दुखून राहिलं." तिकडून लगेच यायला सांगितलं. दादाने सवयीने बाबांकडे पाहिलं. वहिनी चपला घालून फाटकाशी उभी होती. "येता काय, का मी एकटी जाऊ?"

दादा गाडी आणायला धावला.

दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. दुखणं थांबलं. लेकरू सुखरूप होतं. भेटायला येईल त्याला बाबा वॉर्डात उभे राहून सांगत होते, "म्याच म्हटलं होतं, ट्रायलमधी टाका म्हनून."

वहिनी भिंतीकडे कूस वळवून झोपली.