पोटॅशचं खोपट

तेरखेड्यात माझ्या सासरी दारूकाम चालायचं. दारू म्हणजे शोभेची. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक लगेच नाक मुरडतात. भुईनळे, चंद्रज्योती, लग्नातले बार, जत्रेत उडवायची झाडं. नवी नवरी म्हणून मी त्या घरात गेले, तेव्हा सासूबाईंनी मला कोठीत नेलं आणि डाळ-तांदूळ दाखवावेत तसा सगळा माल दाखवला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"ह्यो सोरा. गरीब हाय, फकस्त ओलीला भितोय. ह्यो कोळसा, त्याचा सोयरा. गंधक बी त्यांच्यातलंच. तिघं एका पंगतीला बसली तरी ठिणगी दावल्याबिगर काय करत न्हाईत. ही मनशीळ. ही पोटाची वैरीण. हिला शिवलेला हात भाकरीला लावायचा न्हाय."

"आन् पोटॅश?" मी विचारलं. माहेरी हे नाव ऐकून होते. पांढरी पूड, मिठासारखी दिसणारी. बाराला आवाज आणि ज्योतीला रंग तिच्यामुळं येतो, एवढंच ठाऊक होतं.

"तिचं नाव इथं काढू नगंस. ती आन् गंधक सवती हाईत. नुसतं घासलं एकमेकीला, तरी घर जातंय. ती पार तिकडं, मळ्यातल्या खोपटात."

सोयरे, वैरी आणि सवती. आमच्या घरातली मालाची वर्गवारी ही एवढीच. हल्ली पोटॅशच्या पोत्यावर चौकटीत चित्रं छापलेली असतात. एकात जाळ, एकात उद्गारचिन्ह, एकात मेलेला मासा. मी चष्मा लावून ती नीट बघितली. खरी आहेत. आत्याबाईंनी हेच सांगितलं असतं, वर दोन शिव्या हासडल्या असत्या.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि बाहेर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, त्यामुळं पोटॅश मिळणं मुश्कील झालं होतं. मिळालं की सोलापूरहून बार्शीला आणि तिथून छोट्या गाडीनं येडशी स्टेशनावर यायचं. करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्यावरचा मुन्शी डबा ठोकून सासऱ्यांना विचारायचा, "दवा है के बारूद?" कुठल्या खान्यात लिहावं हा त्याचा पेच. मामंजी दर खेपेला हात जोडून म्हणायचे, "हुजूर, आत्ता तर नुसतं मीठच हाय." मुन्शी हसायचा आणि मनाला येईल ते लिहायचा. घरी आल्यावर ही गोष्ट मामंजी अशी रंगवून सांगायचे की आमची हसून पुरेवाट व्हायची. माझा नवरा तर नाक्यावरच्या मुन्शीची नक्कल करायचा. तेव्हा घरात हसायला माणसं होती.

पटकीची साथ आली आणि माझा नवरा गेला. शेतातून आला, पोटात कळ येते म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी नव्हता. लेक अंगावर पीत होती माझ्या.

त्याचे दिवस झाले आणि आत्याबाई म्हणाल्या, "आता पोटॅश तू बघ."

पुढं म्हणाल्या, "सवाष्णीला चुलीपुढं बसावं लागतंय. वाढावं लागतंय. तुला आता काय हाय?"

असं तोंडावर बोलायच्या. राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला सांगू! पण त्यामागं काय होतं तेही सांगायला हवं. माझ्या आधी खोपटात मामंजींची धाकटी भावजय बसायची. पोटॅश चाळून चाळून तिच्या लुगड्यात मुरलं होतं. एकदा तशीच घरात आली, घाईत चूल फुंकायला वाकली आणि पदराला असा भडका उडाला की पाणी आणीपर्यंत काही उरलं नाही. आत्याबाई समोर बसल्या होत्या भाकरी थापत. तेव्हापासून घरात कायदा झाला: पोटॅशला एकच हात लागेल, आणि तो हात घरातल्या कशालाच लागणार नाही.

खोपट मळ्याच्या कडेला, लिंबाखाली. माझी चाळणी वेगळी, लाकडी पळी वेगळी, पाट्याला दगडी वरवंटासुद्धा नाही, लाकडाचाच. लोखंडाचा तुकडा आत न्यायचा नाही. ढेकळं हलक्या हातानं फोडायची, वस्त्रगाळ करायची, डब्यात भरून दारात ठेवायची. मिसळायचं काम मामंजींचं, तेही पेजेत ओलं करून. दिवस मावळायच्या आत विहिरीवर लुगडं धुवायचं, अंग धुवायचं, मग घराकडं यायचं. यायचं म्हणजे गोठ्याशेजारच्या पडवीपर्यंत. आंघोळ केली तरी आत्याबाईंचं समाधान नव्हतं. केसांत ऱ्हातंय म्हणायच्या, नखांत ऱ्हातंय म्हणायच्या.

जिभेवर पोटॅश गार लागतं, खारट. चाळताना धूळ उडून नाकाची नुसती आग व्हायची. संध्याकाळी डोकं ठणकायचं, ओठ काळपट निळे दिसायचे. एकदा शेजारच्या मळ्यातली शेळी माझं धुण्याचं पाणी प्यायली आणि तडफडून मेली. कापली तर रक्त लाल नव्हतं, गुळाच्या काकवीसारखं होतं. मामंजींनी शेळी भरून दिली आणि ओठांना ओलं फडकं बांधून बसत जा म्हणाले. मला बाई वाटायचं, माझं रक्त आता कुठल्या रंगाचं असेल?

पण हे सगळं सोसलं असतं. दिवसभर बोलायला कुणी नाही, तेही सोसलं असतं. मी आपली ढेकळांशी बोलायचे, लिंबावरच्या होल्यांशी भांडायचे. लेकीचं मात्र सोसवेना.

ती आत्याबाईंच्या कुशीत झोपायची, त्यांच्या हातचं खायची. चालायला लागली तशी आत्याबाईंनी तिला पढवलं, आई खोपटातली हाय, आईला शिवायचं न्हाय. लेकरू शहाणं, लगेच शिकलं. दुपारी आजीबरोबर माझी भाकरी घेऊन यायची, बांधावरच्या दगडावर ठेवायची आणि पाच-सहा हात मागं सरकून उभी राहायची. "आई, बघ, म्या शिवले न्हाय," असं अभिमानानं सांगायची. मी म्हणायचे, "गुणाची गं माझी बाई ती!" पावसाळ्यात काम बंद असायचं. तेव्हा जवळ ये म्हटलं तर आजीच्या तोंडाकडं बघायची. आजी "जा की" म्हणायची, पण अशा आवाजात, की पोरीनं जाऊच नये. रोज वाटायचं, ही अशीच मोठी झाली तर आई म्हणजे लांब उभं राहून बघायची बाई, असंच हिच्या डोक्यात राहील. एवढी एकच भीती होती मला. बाकी जळायची वगैरे भीती केव्हाच गेली होती.

ती चार वर्षांची असेल. थंडीत तिचा घसा सुजला, थुंकी गिळवेना, तापानं फणफणली. मामंजींनी गाडी जुंपली आणि आम्ही येडशीला दवाखान्यात निघालो. मी येते म्हणाले. आत्याबाई नको म्हणणार होत्या, पण माझं तोंड बघितलं आणि पोरीला पांघरूण गुंडाळायला लागल्या. त्या पोरीला घेऊन पुढं, मी पाठीमागं गाडीच्या टोकाला, पाय खाली सोडून. पोरगी कण्हायची तेव्हा माझा हात आपोआप पुढं जायचा आणि मी तो परत मांडीखाली दाबून धरायचे.

दवाखान्यात वयस्कर कंपाउंडर होते, डोक्यावर रुमी टोपी, बोलणं दक्खनी-मराठी मिसळलेलं. त्यांनी घसा बघितला, कपाटातली बरणी काढली आणि कागदावर पूड ओतायला लागले. मी दाराच्या उंबऱ्याबाहेर बसले होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती पूड अभ्रकासारखी चमकली. रोज दिवसभर जे बघते ते मी ओळखणार नाही?

"अवं, ते पोटॅश हाय!" मी ओरडलेच.

आत्याबाईंनी पोरीला छातीशी ओढलं. "इख देता व्हय लेकराला?"

कंपाउंडर रागावले नाहीत. "पोटॅशच है, अम्मा," म्हणाले. "गुळणीला दवा. गिळलं तर जहर. गंधकात घोटलं तर बारूद. चीज एकच, कुठं आन् किती त्यावर हाय सगळं." मग पोरीकडं बघून त्यांनी विचारलं, "गुळणी येते का हिला?"

"कुठली! समदं गिळती."

"मग हे नको." त्यांनी पूड परत बरणीत ओतली आणि घशाला लावायचं दुसरं औषध दिलं. ते कापसानं आत कसं लावायचं तेही दाखवलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "ही आई ना? मग तिकडं का बसली?"

आत्याबाईंनी सांगितलं. सगळंच सांगितलं, जळालेल्या भावजयीपासून. ते ऐकत राहिले. उठून माझ्याजवळ आले, माझी नखं बघितली, ओठ बघितले, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली.

"नाकाला ओला कपडा बांधत जा, बेटी. धूळ पोटात जाऊ देऊ नको, तुझं नुकसान तिथं हाय," मला म्हणाले. आणि आत्याबाईंकडं वळले. "जळला तो कपडा, अम्मा. कपडा बदलला, अंग धुतलं की संपलं. हे कातड्यात मुरत न्हाय. लेकरू देत जा हिच्याजवळ."

"आन् केसातलं?"

"धुतलं की गेलं."

"नखातलं?"

"नखं कापायची."

देवा, इतकं सोपं होतं! मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं एका कात्रीचं काम होतं ते.

परत निघालो तेव्हा दुपारचं ऊन होतं. मी मागंच बसले होते, सवयीनं. रामलिंगाचं रान मागं पडलं आणि आत्याबाई एकदम बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय गं तिला जळताना. माझ्या हातात पिठाची परात हुती आन् म्या बसून ऱ्हायले. माझा ल्योक गेला. एवढी एकच हाय त्याची. म्या कुनाला शिवू देऊ?"

तोंडाशी आलं ते कडूच होतं, म्हणून मी मागच्या रस्त्याकडं बघायला लागले.

त्यांनी डोळे पुसले, पोरगी झोपली होती ती उचलली आणि माझ्याकडं केली. "घे," म्हणाल्या.

अशी माझी लेक माझ्या मांडीवर आली. किती जड झाली होती! माझ्या डोक्यात ती अंगावर पिणारीच होती. तिचा ताप माझ्या मांड्यांना लागत होता. झोपेतच तिनं माझा पदर एका मुठीत धरला, दुसरा हात माझ्या गळ्यात टाकला आणि नाक माझ्या छातीत खुपसलं. आजी समजून असेल, असो. गाडीला हिसके बसत होते आणि मी तिला हलू देत नव्हते. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना. मी मामंजींना सारखी सांगत होते, सावकाश हाका, सावकाश हाका. मला त्या दिवशी घर यायलाच नको होतं.

तेरखेड्याच्या पांदीची वाट लागली तिथं ती जागी झाली. डोळे किलकिले करून वर बघितलं. माझं तोंड इतक्या जवळून तिनं कधी बघितलं होतं? बघत राहिली. मी हसले. "अगं, म्या आई," म्हटलं.

ती रडली नाही. आधी गळ्यातला हात काढला, मग मुठीतला पदर सोडला. सरळ उठून बसली आणि दोन्ही पंजे अंगापासून लांब धरून आजीकडं वळली.

"आजी, हात धुवायचे," घोगऱ्या आवाजात म्हणाली. "म्या आईला शिवले."

आत्याबाईंना गाडीतला पाण्याचा तांब्या उचलवेना. पोरगी हात पुढं करून वाट बघत होती. शेवटी मीच तांब्या घेतला आणि तिच्या हातांवर पाणी घातलं.