दापोड्याची पट्टी

रस्त्यावर टँकरने पाणी मारलं की तापलेल्या मातीचा वास सुटतो आणि मला आजोबांचं दापोड्यातलं शेत आठवतं. शेत म्हणजे दोन गोदामांच्या मधली, गवत माजलेली अरुंद पट्टी. बाबांना ती गोदामवाल्याला विकायची होती. आमच्याकडे बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात, पण आत्याने सही केली नव्हती. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते, घरातली पहिलीच. एका दुपारी आत्या मला तिथे घेऊन गेली. बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत होता, “आने दो, आने दो!” आत्या पदराने घाम पुसत म्हणाली, “माझा हिस्सा तुझ्या नावाव करते.” मी घाबरले. “मला नको गं आत्या. मी काय करू त्याचं? बाबा चिडतील.” “चिडू दे. तुला इकायचा तर इक. पन तुला इचारल्याबिगर त्याला काय करता येनार न्हाय. कॉलेजात जातेस नं? मग बोलाया शिक!” तिने मला जमीन दिली की भांडण, तेच कळेना. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. माझं कॉलेजसुद्धा परस्पर ठरवणारे बाबा मग मला म्हणाले, “बस. तुझं काय म्हणणं हाय?” असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. पट्टी अजून तशीच आहे. बाबा अधूनमधून विचारतात. उत्तर दिलं की विचारणं थांबेल, अशी भीती वाटते, म्हणून मी नुसतं “सांगते” म्हणते.