ओल्या पोत्यातला पाईप

माझ्या शाळेच्या पुस्तकांना तंबाखूचा वास यायचा. बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. आमचं घर एका खोलीचं, आणि त्याच खोलीत माय मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायची. बाबा चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत ठेकेदाराकडे होते. ठेका संपला की काम संपायचं, मग चूल मायच्या बिड्यांवरच पेटायची. त्यातल्याही मूठभर बिड्या कारखान्यासाठी माल घेणारा माणूस खराब म्हणून छाटून टाकायचा, त्यांचे पैसे मिळायचे नाहीत.  माय घरी येऊन उद्याची पानं भिजवायची. तेंदूचं पान वाळलं की वळताना फाटतं, म्हणून ती पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान कापडासारखं मऊ.

त्या घरातून मी तुमसरला कॉलेजात गेले आणि बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही मोठ्यानं सांगते.

नोकरी मात्र लागली नाही. एकदा भंगारवाल्याकडे कुठल्याशा बंगल्याचं जुनं सामान आलं होतं, त्यात तंबाखू ओढायचे काही पाईप होते. काजळीनं बुजलेले, तोंडात धरायच्या कडक रबराच्या नळ्या हिरवट पडलेल्या. स्पिरिटनं हे सुटेल का, एवढ्याच कुतूहलानं मी ते घरी आणले. मोबाइलवर व्हिडिओ पाहत शिकले. पाईपच्या वाटीत साधं मीठ भरायचं, वरून स्पिरिट सोडायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी मीठ चहासारखं तपकिरी झालेलं दिसतं. लाकडानं वर्षानुवर्षांचा कडूपणा सोडलेला असतो. मग वाटीच्या लाकडी दांड्यातून कापूस गुंडाळलेली तार फिरवायची, आणि नळी बारीक पॉलिश पेपरनं काळी कुळकुळीत होईपर्यंत घासायची.

शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "पोरगी बीएस्सी झाली अन् साहेबलोकाच्या चिलमी घासून राहिली."

"घासू दे ना," माय म्हणाली. "तुह्या घरचे भांडे तं नाई घासून राहिली."

असे दोन-चार पाईप विकले गेल्यावर खाणीतून निवृत्त झालेले एक साहेब घरी आले. रुमालात बांधलेला पाईप त्यांनी माझ्या हातात दिला.

"बेटा, हा बायकोनं घेऊन दिला होता. ती गेल्यापासून तोंडाला लावला नाही. आता लावावासा वाटते, पण पार जाम झाला आहे. खराब झाला तर दुसरा देते म्हणू नको. मला हाच पाहिजे."

मी हो म्हटलं. पाईप खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर खिडकी रिकामी.

"माय, पाईप कुठी हाय?"

"पोत्यात. पानासंग ठेवला. बापा, किती कडक झालता. मऊ पडन म्हटलं."

पोतं उघडलं. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, वरचा गडद रंग माझ्या बोटांना लागत होता. नळी दांड्यात अशी आवळली होती की जागची हलेना. जोर लावला असता तर दांडा उभा चिरला असता.

"मोडला का व?"

"मोडला नाई."

"मंग कायले अशी पाहून राहिली?"

मी तिला सांगितलं, भिजलं की पान मऊ होते, लाकूड फुगते.  पोत्यातली पानं नीट करत ती म्हणाली, "साहेबाले मीच सांगतो. माह्या हातून झालं."

पाईप कागदात गुंडाळून सावलीत वाळवला. कागद ओला झाला की बदलायचा. उन्हात ठेवला असता तर तडकला असता. पुरता वाळल्यावर तो घेऊन किराणा दुकानात गेले. थंडीनं रबर लाकडापेक्षा जास्त आकसतं, हे कॉलेजात शिकलेलं होतं, आणि आमच्याकडे फ्रीज नव्हता.

दुकानदार पाईप उलटापालटा करत म्हणाला, "ताई, हे कुल्फीसंग ठेवू का मटारासंग?"

"कुठीबी ठेवा. कोनी मांगला तं विकू नका."

तासाभरानं पाईप हातात घेतला आणि नळी हळूच फिरवली. ती निघाली.

मग मी लाकूड पुसलं, आणि पुसता पुसता थांबले. पाण्यानं जुना रंग उतरला होता आणि खाली लाकडाची खरी नस दिसत होती. बुडापासून काठापर्यंत ज्वाळांसारख्या बारीक रेषा, आणि कडेला पाखराच्या डोळ्यांएवढे गोल ठिपके. हे लाकूड समुद्रापलीकडच्या कुठल्या खडकाळ डोंगरावरच्या झुडपाची गाठ असते, असं मी वाचलं होतं. आमच्याकडच्या आंबागडच्या डोंगरावर दगड फोडून निघालेली मुळं मी लहानपणापासून पाहत आले, पण त्यांच्या आत काय असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. मी पुन्हा रंग दिला नाही. फक्त तेलाचा हात आणि मेण.

साहेब आले. मी तोंड उघडायच्या आत मायनं सगळं सांगून टाकलं. ते पाईप फिरवून पाहत राहिले. नळीवरची दाताची खूण मी घासली नव्हती. तिच्यावर अंगठा ठेवून ते म्हणाले, "हाच आहे." मग खिशातली चिमूटभर तंबाखू भरली, काडी लावली आणि डोळे मिटले.

माय जवळ सरकली. "लाकडात इस्तो ठेवला, अन् लाकूड जळत नाई?"

"हात लावून पाहा, बाई."

तिनं पाईपची वाटी दोन्ही तळव्यांत धरली. आत निखारा, बाहेर फक्त ऊब, कोंबडीखालून नुकत्याच काढलेल्या अंड्यासारखी. आयुष्य तंबाखूत गेलेली माझी माय त्या आगीकडे टक लावून पाहत होती. साहेबांनी पाईप परत मागितला नाही. तिनं दिला तेव्हाच घेतला.

तो पाईप ते अजून ओढतात. त्यांनीच आपल्या ओळखीच्या लोकांना माझा पत्ता दिला. आज साकोलीत हायवेला लागून माझं छोटं दुकान आहे, नागपूरपासून कोलकात्यापर्यंतचे जुने पाईप तिथे दुरुस्तीला येतात, आणि आमचं घर त्या कमाईवर चालतं.