चाबीखालचं कार्ड

कमला हटवार मॅडमचं तोंड म्हणजे तोंड! रुआबांध्याकडच्या एका सरकारी हिंदी मिडल स्कूलमध्ये तिनं सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या सव्वीस वर्षांत एकाही प्रधान पाठकाला, म्हणजे आपल्या मुख्याध्यापकाला, सुखानं चहा पिऊ दिला नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेला भिंतीएवढा डिजिटल बोर्ड मिळाला. तेव्हाच्या प्रधान पाठकांनी तो कोपऱ्यातल्या खोलीत बसवला, वर फुलाफुलांची चादर टाकली आणि खोलीला कुलूप घातलं. पाहुणा आला की चादर निघायची, फोटो निघायचा, पुन्हा चादर.

"सर, बोर्ड आहे का नवी नवरी? किती दिवस पदर ओढून बसवणार?" कमला सगळ्यांसमोर विचारायची. स्टाफरूम हसायची. प्रधान पाठक बिचारे खिशातली चाबी चाचपून म्हणायचे, "खुर्चीत बसा मॅडम, मग कळेल."

जुलैत ते रिटायर झाले. सगळ्यांत सीनियर म्हणून शाळेचा प्रभार कमलाकडे आला, चाबीसकट. आता गंमत ऐका. स्टॉक रजिस्टरमध्ये बोर्डाच्या ओळीसमोर सही करता करता तिचा हात थांबला. मार्चअखेर तीही रिटायर होणार होती. सगळं सामान पुढच्याच्या हवाली केलं, त्यानं सही दिली, तरच 'नो ड्यूज'चा कागद मिळतो. तो कागद नसला की पेन्शनची फाइल अडते, आणि घर तर तिच्याच भरवशावर. पोरांनी काच फोडली तर? चादर तशीच राहिली. कुलूपही तेच.

बोरसीहून येणारे गणिताचे तरुण शिक्षक समीर दाणी एक दिवस म्हणाले, "मॅडम, नवरीचा पदर अजून निघाला नाही वाटतं?"

"खुर्चीत बसा, मग कळेल!" ती फाडकन बोलली. बोलली आणि तिलाच कसंतरी झालं. सून सासू झाली होती.

सप्टेंबरमध्ये एक साहेब शाळा बघायला आले. चादर निघाली. आठवीच्या पोरांना समोर बसवून हृदयाचा व्हिडिओ लावला. रक्त वरच्या दोन कप्प्यांत शिरलं, तेवढ्यात साहेबांचा फोटो झाला आणि साहेब उठले. त्यांना पोचवायला जायचं म्हणून कमलानं बोर्ड बंद केला.

पुढच्या आठवड्यात टेस्ट झाली. टीना नावाची पोरगी वर्गात हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिनं हृदय सुरेख काढलं होतं, पण दोनच कप्प्यांचं. खालचा भाग कोरा आणि तिथे लिहिलेलं, 'इसके बाद बंद कर दिया था.'

कमला आधी खो-खो हसली. मग हसू विरलं. पुस्तकात चारही कप्पे होते, तिनं स्वतः फळ्यावर काढून दिले होते. पण पोरीनं हलताना पाहिलं तेवढंच खरं मानलं. अर्धं हृदय! आणि बाकीचं अर्धं कोणी झाकलं? आपणच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेपर तिनं घरी नेला. तिचा नवरा फकिरा भंडाऱ्याकडचा, चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या मिलमध्ये फिटर होता, आता रिटायर होऊन घरीच.

"पाहा जी, हे पोरगी काय लिहून राहिली."

फकिरानं चष्मा लावून वाचलं. "कावून बंद केलं वो?"

"मले भेव वाटते जी. फुटलं त पेन्शन अडन माही."

"भेव त मलेही वाटे. मशीनमंदी हात घालाच्या आंधी आमी तिले आपल्या नावाचा टॅग लावत होतो. फकिरा हटवार, फिटर. म्हंजे काही विचाराचं त याले विचारा. आन ज्यानं लावला त्यानंच तो टॅग काढाचा, मोठ्या साहेबानंही नाही." त्यानं पेपर परत दिला. "पण भेवापायी कुलूप लावून मिल चालते का?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्या खोलीच्या दाराशी खिळा ठोकला, त्याला चाबी अडकवली आणि खाली पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलं. हिंदीतून लिहिलं होतं : बोर्ड कोणीही वापरा. बिघडला तर कमला हटवारला विचारा. चादर धुऊन शाळेतल्या आजारी पोरांसाठीच्या खाटेवर गेली.

मग काय, खोलीत पाय ठेवायला जागा मिळेना. दाणी सर त्यावर भूमिती शिकवू लागले. चित्र दोन बोटांनी मोठं कसं करायचं, हे कमलाला टीनानं शिकवलं, आणि मॅडमनं तीन वेळा चुकून शिकून घेतलं.

जानेवारीत टीना आणि तिच्या वर्गातली मोना धावत आल्या. "मैडम, बेंच लग गया. हम दोनों उठा रहे थे." बोर्डाच्या डाव्या कोपऱ्याला बोटभर तडा होता. कमलाला आधी पेन्शनची फाइलच दिसली, खोटं कशाला सांगा! पण पोरींनी लपवलं नव्हतं. तिनं रजिस्टरमध्ये आपल्या हातानं लिहिलं, 'कोपऱ्याला तडा. बोर्ड चालू.'

एकतीस मार्चला प्रभार दाणी सरांकडे गेला; तिच्यानंतर सीनियर तेच उरले होते. त्यांनी ती ओळ वाचली, खोलीत जाऊन तडा पाहिला, आणि परत येताना खिळ्यावरची चाबी काढून गुपचूप खिशात टाकली. कमलानं पाहिलं. नो ड्यूजचा कागद टेबलावर होता, सही त्यांचीच हवी होती. गप्प बसली असती तर दोन मिनिटांत मोकळी झाली असती.

पण ते तोंड गप्प बसणारं नव्हतं. ती उठली, खिळ्यावरचं आपल्या नावाचं कार्ड काढलं, उलटं करून कोरी बाजू त्यांच्यापुढे ठेवली. "आधी यावर नाव लिहा, सर. मग त्या कागदावर सही."

"मॅडम, तुम्हाला नो ड्यूज नको का?"

"पाहिजे ना! नऊ महिने त्याच भीतीत काढले. तुमच्या खिशात जी गेली ना, ती चाबी मी ओळखते."

दाणी सर लाल झाले. त्यांनी पेन उघडलं. मग कार्डावर हळूहळू लिहिलं : बिघडला तर समीर दाणीला विचारा. खिशातली चाबी काढून कार्डावर ठेवली आणि मग कागद पुढे ओढला.

संध्याकाळी हार घालून ती घरी आली. फकिरा दारातच होता.

"झालं का नो ड्यूज?"

"झालं."

"आन टॅग?"

"काढला जी. म्याच काढला," ती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडली.